आतड्यांची सूज – कोलायटिस आणि क्रोन्स: सोलापूर जिल्ह्यात किती जणांना, आणि त्यात माणूस दगावतो का?

सीनाकाठ
माझ्या नणंदेला अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं दुर्बिणीच्या तपासणीत निघालं, तेव्हापासून घरात दोन प्रश्न फिरतायत. पाहुणे विचारतात, "असला आजार आपल्याकडं कुणाला असतो का?" आणि सासूबाई मला एकटीला गाठून विचारतात, "ह्यात पोरगी जाणार तर नाही ना?" मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. हे दोन्ही प्रश्न मोजणीचे आहेत, म्हणून वाचलेलं सगळं इथं मांडते. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

आयबीडी (इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजे आतड्यांच्या सुजेचे आजार) या नावाखाली मुख्यतः दोन आजार येतात. कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त-आव पडते. सूज गुदाशयापासून सुरू होऊन वर सरकते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होतो आणि आतड्याच्या भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतो. त्यामुळं आतडं अरुंद होतं, भगंदर होतं. बऱ्याच जणांना आयबीएस असतं, म्हणजे पोट बिघडतं पण आतड्याला सूज किंवा जखम नसते. तो आजार वेगळा, इथं त्याचा विषय नाही.

आता किती जणांना. भारतात लोकांमध्ये घरोघर जाऊन केलेल्या मोजण्या फार थोड्या. पंजाबमध्ये लुधियानाच्या डॉक्टरांनी ५१,९१० लोक तपासले, त्यात कोलायटिसचे २३ रुग्ण निघाले. म्हणजे लाखामागे ४४.३. हा अभ्यास २००३ साली छापून आला. त्याआधी १९८६ मध्ये हरियाणातून लाखामागे ४२.८ असा आकडा आला होता. दोन वेगळ्या काळातले, दोन वेगळ्या गटांचे आकडे इतके जवळ येतात, ही दखल घेण्यासारखी गोष्ट आहे.

२०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार होती, शहराची साडेनऊ लाख. पंजाबचं प्रमाण आपल्याकडं लावलं तर जिल्ह्यात कोलायटिसचे जवळजवळ १,९०० रुग्ण येतात आणि शहरात ४२० च्या आसपास. यात क्रोन्स धरलेला नाही, २०११ नंतर वाढलेली लोकसंख्याही नाही. सोलापूर म्हणजे पंजाब नव्हे, खाणंपिणं वेगळं, माणसं वेगळी. तरी "आपल्याकडं कुणाला नसतो" हे खोटं ठरवायला एवढा हिशोब पुरतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, विडी घरकुल, कुठल्याही भागात हजार उंबऱ्यांमागे दोन-एक घरांत हा आजार असणार. ते लोक बोलत नाहीत, कारण संडासचा आजार चारचौघांत सांगायचा कसा?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला थोडंच देता येईल. २०१७ सालच्या जागतिक आजारभार अभ्यासात जगभर ६८ लाख लोकांना आयबीडी असल्याचा अंदाज आहे. वयाचा फरक काढून टाकल्यावर लाखामागे रुग्ण ८४.३ आणि वर्षाला लाखामागे मृत्यू ०.५१. १९९० मध्ये हेच आकडे ७९.५ आणि ०.६१ होते. रुग्णांचं प्रमाण वाढलं आणि मृत्यूचं घटलं. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की आजार आयुष्यभराचा आहे, पण बहुतेक जणांचा जीव घेणारा नाही. त्या अजून माझ्याकडं शंकेनंच बघतात.

भुईकोट
ताई, लई कामाचा धागा काढलात बगा. माझ्या थोरल्या भावाला हाच आजार हाय. आधी कितीतरी वर्षं मूळव्याध म्हणूनच औषध चाललं. पाटी बघून जायचं, पुडी घ्यायची, रक्त चार दिवस थांबायचं की परत चालू. अंगातलं रक्त पार कमी झालं तेव्हा कुणीतरी दुर्बीण घालायला सांगितली. एक विचारू का? शेंगा चटणी, तिखट, कडक भाकरी ह्यानं हा आजार होतो म्हणतात, खरं हाय का ओ?

पचनतज्ज्ञ
मूळचा सोलापूरचा, सध्या पुण्यात पोटविकारांची प्रॅक्टिस. आधी भुईकोट काकांचा प्रश्न. तिखटानं किंवा भाकरीनं आयबीडी होतो याला आधार नाही. जोराचा भडका असताना, म्हणजे आजार उसळलेला असताना, तिखट सोसत नाही, किंवा क्रोन्समध्ये आतडं अरुंद झालं असेल तर चोथा अडकतो, म्हणून तेवढ्या काळापुरतं जपायचं. माझे काही रुग्ण भीतीपोटी फक्त मऊ भात आणि ताक यावर राहून हाडांचा सापळा होऊन येतात. कुपोषण या आजारात स्वतःच मोठा शत्रू आहे.

आता दगावण्याबद्दल. सीनाकाठ ताईंनी दिलेले आकडे बरोबर आहेत. फक्त ते सरासरीचे आहेत, आणि या आजारात धोका वर्षभर सारखा पसरलेला नसतो. तो काही ठरावीक प्रसंगांत एकवटतो. ते प्रसंग घरच्यांना ओळखता आले पाहिजेत.

पहिला प्रसंग, कोलायटिसचा तीव्र झटका. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब, आणि त्यासोबत ताप ३७.८ अंश सेल्सियसच्या वर, नाडी ९० च्या वर, हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली किंवा ईएसआर (सूज दाखवणारी रक्ताची चाचणी) ३० च्या वर, यातलं एक जरी असलं तर तो तीव्र झटका. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये घालून दिलेले हे निकष आम्ही आजही वापरतो. कोलायटिस असलेल्या दर चार-पाच जणांतल्या एकाला आयुष्यात कधीतरी असा झटका येतो. त्यांच्याच काळात अशा झटक्यात चारातला जवळजवळ एक जण दगावायचा. कॉर्टिसोन हे स्टेरॉइड आल्यावर ते प्रमाण ७ टक्क्यांवर आलं. आज चांगल्या केंद्रात ते १ टक्क्याच्या आसपास आहे. हा फरक शिरेतून स्टेरॉइड वेळेवर सुरू करण्यानं पडतो, आणि तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब, सायक्लोस्पोरिन ही पुढची औषधं किंवा ऑपरेशन हा निर्णय न लांबवण्यानं पडतो. घरी सलाइन लावून आठवडा घालवलेला रुग्ण येतो तेव्हा आतडं फुगलेलं असतं, कधी फुटलेलं असतं. मग आमच्या हातात फार थोडं उरतं.

दुसरा प्रसंग, रक्ताची गुठळी. आयबीडीत पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो आणि भडक्यात आणखी वाढतो. म्हणून दवाखान्यात दाखल रुग्णाला संडासवाटे रक्त जात असतानाही आम्ही रक्त पातळ करणारं हेपॅरिन देतो. नातेवाईक भांडतात, "रक्त जातंय आणि तुम्ही रक्त पातळ करताय?" त्यांचं भांडणं मी समजू शकतो, पण ते इंजेक्शन जीव वाचवणारं आहे.

तिसरा, जंतुसंसर्ग. काही वेळा आजारामुळं, पुष्कळ वेळा महिनोन्महिने चाललेल्या स्टेरॉइडमुळं. चौथा, बरीच वर्षं सूज राहिल्यावर मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

एकंदर आयुष्याचा हिशोब असा. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत कोलायटिसच्या लोकांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळजवळ बरोबरीचा निघतो. क्रोन्समध्ये तो १.४ ते १.५ पट निघतो, म्हणजे इतरांत १०० मृत्यू होतील तिथं १४० ते १५०. क्रोन्समध्ये सिगारेट हा धोका वाढवते, आणि ती सोडणं रुग्णाच्या स्वतःच्या हातात आहे.

मालदांडी
मंगळवेढ्याहून. हैदराबादच्या डॉक्टरांचा एक अभ्यास वाचनात आला होता. त्यात ५ टक्के लोकांना आयबीडी सापडला असं होतं. मग ताईंचा लाखामागे ४४ चा हिशोब कसा बसतो? ५ टक्के धरले तर जिल्ह्यात दोन लाखांच्या वर रुग्ण येतील. दोन्ही आकडे खरे असू शकत नाहीत. आणि असले आकडे वाचून लोक घाबरतात, हे पण बघा.

सीनाकाठ
मालदांडी दादा, दोन्ही आकडे खरे आहेत, कारण दोघांचे छेद वेगळे आहेत. पंजाबात छेद होता सगळी लोकसंख्या, निरोगी माणसं धरून. हैदराबादच्या अभ्यासात छेद होता पोटाची तक्रार घेऊन आलेले लोक, तीस हजारांहून जास्त. त्या तक्रारवाल्यांत सुमारे ५ टक्क्यांना आयबीडी निघाला. तो आकडा सगळ्या जिल्ह्याला लावता येत नाही.

मला त्या अभ्यासात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. ते लोक दुर्बिणीची सोय असलेली गाडी घेऊन तेलंगणातल्या खेड्यांत गेले, आणि खेड्यातलं प्रमाण शहराच्या जवळजवळ बरोबरीचं निघालं. हा शहरी, श्रीमंत लोकांचा आजार आहे हा समज तिथं मोडतो. तेलंगणाची हद्द आपल्यापासून काही फार लांब नाही. म्हणजे अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोल्यातही हे रुग्ण असणार, आणि तिथं दुर्बीण नाही.

पंजाबच्या आकड्यातली एक मेख मात्र मी स्वतःहून सांगते, कारण हा हिशोब मी वर मांडला आहे आणि कुणी तो दगडावरची रेघ समजू नये. त्यांनी वर्षभरानं परत जाऊन नवे रुग्ण मोजले, तो दर लाखामागे ६ आला. तो तीन नव्या रुग्णांवरून काढलेला आहे. तिनाच्या जागी एक किंवा सहा निघाले असते तरी आश्चर्य नव्हतं. दिशा कळायला तो ठीक आहे.

आणि दिशा अशी दिसते. आजार स्थिर असेल तर एकूण रुग्ण म्हणजे दरवर्षीचे नवे रुग्ण गुणिले आजाराची वर्षं. ४४ ला ६ नं भागलं की सात-साडेसात वर्षं येतात. पण हा आजार विशीत-तिशीत सुरू होतो आणि जन्मभर राहतो, म्हणजे तीस-चाळीस वर्षं यायला हवी होती. मग मधली वर्षं गेली कुठं? एक शक्यता अशी की आजार आपल्याकडं नुकता वाढायला लागला आहे आणि जुने रुग्ण अजून साठलेले नाहीत. दुसरी शक्यता, जुने रुग्ण निदान न होताच राहिले किंवा गेले. मला दोन्ही थोड्या थोड्या खऱ्या वाटतात. पहिली खरी असेल तर पुढची वीस वर्षं रुग्णसंख्या वाढतच जाणार, नवे रुग्ण एकानंही वाढले नाहीत तरी. कारण दरवर्षी येणारे जास्त आणि जाणारे कमी. कॅनडात हे होऊन गेलं आहे. तिथं २०१८ मध्ये लोकसंख्येच्या ०.७ टक्के लोकांना आयबीडी होता, २०३५ पर्यंत तो १ टक्क्याच्या वर जाईल असा अंदाज आहे.

घाबरण्याबद्दल म्हणाल, तर आमच्या घरी आकडा कळल्यावर भीती कमी झाली. आपण एकटे नाही, एवढं तरी नणंदेला कळलं.

लेस्टरवासी
इंग्लंडहून लिहितोय, मूळ घर सोलापुरात बाळीवेशीत. इथं लेस्टरमध्ये ऐंशीच्या दशकातल्या नोंदींवरून केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. भारतीय वंशाच्या लोकांत कोलायटिसचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त निघालं होतं. म्हणजे आपल्या रक्तात या आजाराविरुद्ध काही कवच आहे, ही समजूत सोडून द्यावी. परिस्थिती बदलली की आजार येतो. ती परिस्थिती आता सोलापुरातही बदलते आहे. माझ्या लहानपणी पेठेत पाकीटबंद खाणं दिसत नव्हतं, आता गावच्या टपरीवर लटकलेलं असतं. नेमकं कशामुळं हे शास्त्रज्ञ अजून शोधतायत. लहानपणी दिलेली अँटिबायोटिक्स, खाण्यातला बदल, आतड्यातल्या जंतूंची घडण, ही नावं इथल्या डॉक्टरांकडून ऐकतो.

अशोकचौक
नमस्कार. आमचं घर यंत्रमागवाल्यांचं, घरात तेलुगू बोलतो, मराठी लिहिण्यात चूक असेल तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला पोटात उजव्या बाजूला दुखायचं, ताप यायचा, वजन उतरलं. तपासणीत लहान आतड्याच्या शेवटी व्रण निघाले. आमच्याकडं टीबी नवीन नाही, यंत्रमागाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या घरात एक तरी माणूस ते औषध खाल्लेला असतो. त्यालाही टीबीचं औषध सुरू झालं. पूर्ण कोर्स घेतला. मधे जरा बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मग कुणी म्हणे टीबी परत आला, पुन्हा कोर्स. शेवटी हैदराबादला मावशीकडं नेलं, तिथं क्रोन्स सांगितला. तोपर्यंत आतडं अरुंद झालं होतं, तुकडा काढावा लागला. आज तो मागावर उभा राहतो, लग्न झालंय. पण गेलेली वर्षं कुणी परत देणार आहे का? मला कुणावर आरोप करायचा नाही. एवढंच विचारायचं आहे की हे आधी ओळखता येत नाही का?

पचनतज्ज्ञ
अशोकचौक ताई, तुमच्या भावासोबत जे झालं ते भारतात फार जणांसोबत होतं. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दुर्बिणीत, सीटी स्कॅनमध्ये, कधी कधी बायोप्सीतही इतके सारखे दिसतात की अनुभवी माणूसही अडखळतो. दोन्ही लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बसतात. त्यामुळं खात्री नसेल तेव्हा टीबीचं औषध आधी देऊन बघणं हे चुकीचं नाही. क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो अंगभर पसरून जीव घेऊ शकतो.

पण औषध सुरू केल्यावर परत दुर्बीण घालून बघणं गरजेचं असतं. टीबी असेल तर दोन-तीन महिन्यांत व्रण भरायला लागतात, सहा महिन्यांत साफ होतात. नुसतं "बरं वाटतं" यावर जाऊ नये, कारण क्रोन्समध्येही काहींना त्या औषधांनी तात्पुरतं बरं वाटतं. व्रण तसेच असतील तर टीबीचा दुसरा कोर्स सुरू करण्याआधी क्रोन्सचा विचार झालाच पाहिजे. ही एक फेरतपासणी राहून जाते आणि माणसाची वर्षं जातात. खर्च, प्रवास, सुट्टी मिळत नाही, कारणं मला ठाऊक आहेत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही इंजेक्शनं आता भारतीय कंपन्याही बनवतात, त्यामुळं पूर्वीपेक्षा आवाक्यात आली. पण ती अंगात झोपलेला टीबी उठवू शकतात. सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठीची मँटू किंवा इग्रा चाचणी झाल्याशिवाय घेऊ नयेत.

गोळीडबा
माझं औषध दुकान आहे, शहरात. काउंटरवरून दिसतं ते सांगते.

मेसालामाइनच्या, म्हणजे कोलायटिसच्या नेहमीच्या गोळ्या नेणारी गिऱ्हाइकं ठरलेली असतात. चार-सहा महिने नियमित येतात, मग बंद. रस्त्यात भेटले की म्हणतात, "आता बरं हाय की." बरं आहे ते गोळीमुळं आहे, हे पटत नाही. महिन्याचा खर्च हेही कारण असतं. विडी वळणाऱ्या बाईनं दर महिन्याला हा पैसा कुठून काढायचा? मग भडका आला की जुनी चिठ्ठी घेऊन येतात आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मागतात, कारण ते स्वस्त आणि दोन दिवसांत गुण देतं. मी चिठ्ठी जुनी असेल तर देत नाही. शिव्या खाते, पण देत नाही. शेजारच्या गल्लीत मिळतं हेही मला माहीत आहे. चेहरा गोल झालेली, साखर वाढलेली तरुण पोरं बघवत नाहीत.

डॉक्टर, स्टेरॉइड अचानक बंद करू नये हेही इथं लिहा. लोक तेही करतात.

पचनतज्ज्ञ
अगदी बरोबर. काही आठवडे स्टेरॉइड घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम बंद केलं तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस डॉक्टरांनी दिलेल्या तक्त्याप्रमाणं उतरवायचा. आणि स्टेरॉइड हे भडका विझवायचं औषध आहे, वर्षभर खायचं नाही. वर्षातून दोनदा लागत असेल तर औषधयोजना बदलायची वेळ झाली असं समजा.

बार्शीलाईट
सीनाकाठ ताई, मोजणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ साली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, ग्रामीण भागासाठी देशातली पहिली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं. तोवर सगळ्यांचं म्हणणं होतं की खेड्यात कॅन्सर मोजणं शक्यच नाही, लोक दवाखान्यातच येत नाहीत तर नोंद कशाची करणार? मग या मंडळींनी उलटं केलं. कार्यकर्ते गावागावांत गेले, चावडीवर, देवळात बैठका घेतल्या, कोणती लक्षणं दिसली तर यायचं ते सांगितलं, आणि संशयित रुग्णांना नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला आणून तपासलं. मृत्यूसुद्धा गावात विचारून नोंदवले. माझे वडील त्या काळी गावच्या शाळेत शिक्षक होते, त्यांच्या वर्गात अशी बैठक झाल्याचं ते सांगायचे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका उशिरा येतात हे त्या आकड्यांतून समोर आलं, आणि पुढं लवकर यायला लागल्या.

कॅन्सरसाठी जमलं ते पोटाच्या आजारासाठी का जमू नये? रक्ताचे जुलाब चार आठवड्यांपेक्षा जास्त, हे लक्षण आशाताईंना सांगितलं तर त्या घर न घर ओळखतात.

मालदांडी
हे पटलं. आमच्या गावच्या आशाताईला मी स्वतः सांगतो. पण दुर्बीण कुठं घालायची? तालुक्याला सोय नाही.

पचनतज्ज्ञ
सगळ्यांना आधी दुर्बीण लागत नाही. मलाची साधी तपासणी करून अमिबा आणि जंतुसंसर्ग बाजूला काढायचा. मग कॅलप्रोटेक्टिन नावाची मलाचीच चाचणी असते, तिच्यातून आतड्यात सूज आहे का ते कळतं. ती नॉर्मल असेल तर बहुतेकांची दुर्बीण टळते. वाढलेली असेल त्यांनी सोलापूरला सिव्हिलला किंवा पोटविकारतज्ज्ञाकडं यायचं.

सीनाकाठ
बार्शीलाईट, तुमच्या प्रतिसादानं हुरूप आला. मोजणीची एक कमी खर्चाची पद्धतही आहे, ती सांगते. दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या. समजा, दुर्बीण करणाऱ्या केंद्रांच्या यादीत जिल्ह्यातले २०० रुग्ण आहेत, आणि औषध दुकानांतून मेसालामाइन नियमित नेणाऱ्यांच्या यादीत १५०. दोन्हीत सामाईक नावं निघाली ५०. म्हणजे औषधवाल्या यादीतल्या तिघांपैकी एकच दुर्बिणीच्या यादीत सापडला. तर दुर्बिणीची यादीही एकूण रुग्णांच्या तिसऱ्या हिश्शाचीच असणार, म्हणून एकूण ६०० च्या घरात. हे आकडे कल्पनेतले आहेत, पण पद्धत खरी आहे आणि जगभर वापरतात. नावं गुप्त ठेवून सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना हा प्रबंधाचा विषय म्हणून सहज घेता येईल.

जपाननं आणखी एक मार्ग काढला. तिथं कोलायटिस आणि क्रोन्स सरकारच्या दुर्धर आजारांच्या यादीत आहेत. उपचाराला मदत हवी तर नोंद करावी लागते. त्यामुळं रुग्णाला पैसा मिळतो आणि देशाला आकडा मिळतो. २०१४ च्या देशव्यापी पाहणीत त्यांच्याकडं कोलायटिसचे सुमारे २ लाख २० हजार आणि क्रोन्सचे सुमारे ७१ हजार रुग्ण होते. भातमासे खाणारा आशियाई देश आहे तो. त्यांचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी याच कोलायटिसमुळं २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये पद सोडलं, आणि २०२० मध्ये तर कारण लोकांना उघड सांगितलं. मधे २०१२ च्या अखेरीस पद परत मिळाल्यावर जवळजवळ आठ वर्षं त्यांनी औषधावर राहून देश चालवला. हे मी नणंदेला सांगितलं तेव्हा तिनं पहिल्यांदा आजाराबद्दल आपणहून काही विचारलं.

आता मृत्यूच्या नोंदीबद्दल, कारण मला हा भाग सगळ्यात जास्त खुपतो. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी फक्त २२.५ टक्क्यांनाच मृत्यूचं कारण डॉक्टरनं प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांची नुसती मृत्यूची नोंद. ज्यांना कारण मिळतं त्यातही काय लिहिलं जातं? मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना चारमध्ये, कारणांची साखळी लिहायची असते. वर तात्काळ कारण, खाली ते कशामुळं झालं, आणि सगळ्यात खाली मूळ आजार. आकडेवारीत मूळ आजारच मोजला जातो. कोलायटिसच्या झटक्यात आतडं फुटून, पोटात पू होऊन माणूस गेला, आणि कागदावर "सेप्टिसीमिया" (रक्तात जंतुसंसर्ग) किंवा "हृदयक्रिया बंद पडणे" एवढंच लिहिलं, तर तो मृत्यू कोलायटिसच्या खात्यात कधीच येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या बाबतीत हेच झालं. बाई बरीच वर्षं कोलायटिसवर होती, कागदावर त्याचा शब्दही नाही.

म्हणून आपल्या भागात आयबीडीनं कमी लोक जातात, असं सरकारी आकड्यांवरून कुणी म्हणालं तर मी मान्य करणार नाही. आणि भरमसाट जातात असंही म्हणणार नाही. ज्या घरात असा मृत्यू झाला त्यांनी प्रमाणपत्र बनवतानाच डॉक्टरांना जुनी फाईल दाखवावी आणि मूळ आजार शेवटच्या ओळीत लिहायची विनंती करावी. दुःखात हे सुचत नाही, मला कळतं. पण त्या एका ओळीवरून पुढच्या माणसासाठी औषध आणि सोय ठरते.

गोळीडबा
ताई, दुकानांच्या यादीचं मी माझ्यापुरतं करायला तयार आहे. नाव-पत्ता नाही, फक्त वय, तालुका आणि किती महिने औषध नेलं एवढं. ओळखीच्या दुकानदारांनाही विचारते. कॉलेजकडून रीतसर पत्र आलं तर बरेच जण तयार होतील.

अशोकचौक
आमच्या भागात बैठक घ्यायची झाली तर तेलुगूत बोलायला मी येते. बायका मराठीत हा आजार सांगायला लाजतात, तेलुगूतही लाजतील, पण ऐकतील.

सीनाकाठ
दोघींना खासगी निरोप पाठवला आहे. पत्राचा मसुदा मी करते. महाविद्यालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागेल, त्याची चौकशी आधी करते.

भुईकोट
माझं एक राहिलंच की ओ. डॉक्टर, भावाला आजार होऊन दहा वर्षं होऊन गेली. सध्या काही त्रास नाही, गोळ्या चालू हायत. वर कॅन्सरचं लिहिलंत, तेव्हापासून घरात सगळ्यांच्या डोक्यात तेच. काही त्रास नसताना परत दुर्बीण घालायची गरज हाय का?

पचनतज्ज्ञ
काका, गरज आहे, आणि त्रास नसतानाच करायची असते. भडक्यात केली तर सुजेमुळं नीट दिसत नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून आठ वर्षं झाली की कॅन्सर शोधण्यासाठीची पहिली दुर्बीण करायची. मग काय दिसतं त्यावरून दर एक ते पाच वर्षांनी. सूज फक्त गुदाशयापुरती असेल तर याची सहसा गरज नसते, म्हणून त्यांची पहिली तपासणी काढून बघा, सूज कुठपर्यंत होती ते त्यात लिहिलेलं असेल. यकृतातल्या पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार सोबत असेल, तर मात्र दरवर्षी करावी लागते. घरच्यांना हेही सांगा की जुन्या अभ्यासांत तीस वर्षांनी १८ टक्क्यांना कॅन्सर होतो असं आलं होतं, पण नव्या अभ्यासांत तो धोका पुष्कळ कमी निघतो. सूज आटोक्यात ठेवणं आणि वेळेवर दुर्बीण, यांचा त्यात मोठा वाटा आहे.

मूळव्याध समजून औषध चाललेली वर्षंही मोजा बरं का. आजार तेव्हापासून धरायचा, निदान झालं त्या दिवसापासून नाही. तुमच्या भावाची तपासणी कदाचित आधीच व्हायला हवी होती. येत्या महिन्यात करून घ्या, आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट सोबत न्या.